सामान्य दाबास शंभर अंश

मी सातवीत होते त्या वर्षी माझे बाबाही सातवीत होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही कोराडीला कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा वीजकेंद्रात बॉयलरवर हेल्पर होते. म्हणजे वरच्या माणसांनी सांगितलेला व्हॉल्व्ह फिरवायचा, राख अडकली की मोकळी करायची, जड ते उचलायचं. पारशिवनीजवळच्या खेड्यात पाचवी अर्धी झाली असताना आजोबांनी त्यांना शाळेतून काढून वखरामागे उभं केलं होतं. शाळा सुटल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या वर्षी ऑफिसात सूचना लागली की सातवी पास असलेल्या हेल्परांचा अटेंडंटच्या जागेसाठी विचार होईल, आणि बाबा ती सूचना तीन वेळा वाचून घरी आले.

"सातवीची परीक्षा बाहेरून देता येते म्हंते," ते आईला म्हणाले. "पोरीची पुस्तकं घरातच आहेत."

मराठीची त्यांना भीती नव्हती, गणित तोंडी होतं, इतिहास त्यांनी गोष्टीसारखा वाचून टाकला. अडलं ते सामान्य विज्ञानात. वनस्पती, प्राणी, खडक, चंद्र, उष्णता, चुंबक, सगळं एकाच जाड पुस्तकात कोंबलेलं. ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं, आणि सहामाहीत विज्ञानात मी जेमतेम काठावर पास झाले होते.

आई भाकर थापता थापता म्हणाली, "तिलेच येत नाही, थे तुमाले काय शिकविन?"

"मंग दोघांले येईल," बाबा म्हणाले.

त्यांची पहिली पाळी असली की ते दुपारी अडीचला घरी यायचे. अंघोळ, जेवण, थोडी पाठ टेकायची, आणि चार वाजता, मी शाळेतून आले की, आम्ही दोघं मागच्या दारी चटईवर बसायचो. मी पुस्तकातून वहीत नोट्स काढलेल्या असायच्या. आमच्या वर्गात तीच रीत होती: पुस्तक मोठं असतं, म्हणून त्यातलं नेमकं तेवढं वहीत उतरवायचं आणि वही पाठ करायची. व्याख्या लिहा, फरक सांगा, शास्त्रीय कारणे द्या. मी एक वाक्य वाचायचे, बाबा ते म्हणायचे. आठवडाभर हे बरं चाललं. मग बाबांनी विचारायला सुरुवात केली.

"काहून?" ते म्हणायचे.

माठातलं पाणी थंड होतं कारण बाष्पीभवन होतं. काहून? बाष्पीभवनाला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून घेतली जाते. "हे बराबर आहे," ते विचार करून म्हणायचे, "घाम आला अन् वारा लागला का गार वाटते, तसंच." आणि मग त्यांना ते कारण पाठ करावंच लागायचं नाही. मला मात्र तेच कारण चार वेळा घोकावं लागलं होतं.

पचनसंस्था तर त्यांना एका दुपारी आली. आकृतीवर बोट ठेवून ते आईला सांगत होते, "हे पाह्य, हे दात म्हंजे आमची कोळसा दळाची मिल. हे नळी म्हंजे पट्टा. अन् इथं आग."

"अन् राख?" आईने विचारलं.

बाबांनी आकृतीच्या खालच्या टोकाकडे बघितलं आणि ते आवाज न करता हसायला लागले. त्यांचं हसणं तसंच होतं, नुसते खांदे हलायचे. आई तोंडाला पदर लावून आत गेली. मी सर्वांत गंभीर होते, कारण मी शिक्षिका होते.

चंद्राच्या कलांवर माझी शिक्षिकागिरी पहिल्यांदा डगमगली. बाबांचा पक्का समज होता की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून तो लहानमोठा दिसतो. खरं सांगायचं तर माझाही तोच समज होता. वहीत मी "सूर्यप्रकाशित भागाचा दिसणारा अंश" असं काहीतरी लिहून ठेवलं होतं आणि त्याचा अर्थ मला अजिबात कळला नव्हता.

"मंग करून पाहू," बाबा म्हणाले.

आतल्या खोलीची दारं-खिडक्या लावून त्यांनी बल्ब लावला. तो सूर्य. मला खोलीच्या मधोमध उभं केलं, मी पृथ्वी. टोपलीतलं एक संत्रं बल्बच्या उंचीवर हातात धरून ते माझ्याभोवती फिरायला लागले. संत्रं माझ्या आणि बल्बच्या मधे आलं तेव्हा मला त्याची नुसती काळी बाजू दिसली. ते माझ्या बाजूला आले तेव्हा अर्धं संत्रं उजळलेलं होतं. पाठीमागे गेले, मीही वळले, त्यांनी संत्रं माझ्या डोक्यावरून जरा वर धरलं, आणि ते अख्खं लखलखीत दिसलं.

"सावली तर फक्त इथं, तुह्या डोक्यामागं पडून राहिली," बाबा थांबून म्हणाले. "मंग अष्टमीले अर्धा चंद्र कोण खाल्ला? सावलीनं नाही खाल्ला. थो तसाच आहे, आपणच त्याले बाजूनं पाहून राहिलो."

इतक्यात आईने दार उघडलं. भर दुपारी बंद खोलीत बल्ब लावून नवरा लेकीभोवती संत्रं घेऊन फिरतोय हे बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"हे काय करून राहिले तुमी?"

"चंद्र होऊन राहिलो," बाबा म्हणाले.

मग आईलाही पृथ्वीच्या जागी उभं राहून बघायचं होतं. आम्ही तीनदा महिना फिरवला. शेवटी ते संत्रं आम्ही सोलून खाल्लं. त्या दिवसापासून आई स्वयंपाकघरातून आमच्या अभ्यासाकडे कान देऊन असायची, आणि अधूनमधून आमच्याआधी उत्तर तिचंच यायचं.

खडकांचा धडा बाबा स्वतःच घेऊन आले. कोळशाबरोबर येणारे दगड कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावरून वेचून फेकून द्यायचे असतात. त्यातला एक चपटा, राखाडी तुकडा त्यांनी डब्याच्या पिशवीत घालून आणला. त्याच्यावर एका पानाचा ठसा होता. लांबट पान, मधली शीर ठळक, बाजूच्या बारीक शिरासुद्धा मोजता येतील इतक्या स्पष्ट. दगड थराथराचा होता, आणि एक थर निघाल्यावर आतून हे पान निघालं होतं. मी पुस्तक उघडलं आणि थरांचे खडक, जीवाश्म, कोळसा कसा तयार होतो हे सगळं वाचून दाखवलं: जंगलं गाडली गेली, वर गाळाचे थर साचले, दाबानं आणि उष्णतेनं कोळसा झाला.

आईने पान निरखून बघितलं. "कडुलिंबाचं नाही. आंब्याचंही नाही."

बाबांनी ठशावरून अंगठा फिरवला. इतकी वर्षं ते कोळशातच होते. मग म्हणाले, "म्हंजे आमी जंगल जाळून राहिलो. अन् ह्या पानाले आजवर कोणीच पाह्यलं नाही वं. आपणच पयले."

असं सगळं छान चाललं होतं आणि मग 'द्रव्याच्या अवस्था' हा धडा आला.

मी वहीतून वाचलं, "पाण्याचा उत्कलनांक शंभर अंश सेल्सिअस आहे. म्हणजे पाणी शंभर अंशांना उकळतं."

"नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी याआधी 'काहून' विचारलं होतं, पण 'नाही' कधी म्हटलं नव्हतं.

"नाही काय? पुस्तकात आहे."

"असन. चुलीवर उकळत असन शंभरले. आमच्या बॉयलरमंदी पाणी तीनशेलेही पाणीच राहते. मी काटा पाहून राहिलो ना रोज."

मी चिडले. मी त्यांना सांगितलं की परीक्षेत असं लिहिलं तर ते नापास होतील. ते म्हणाले, लिहायचं तर मी शंभर लिहीन, पण मले थे खोटं वाटते. मी म्हटलं, पुस्तक खोटं असतं का? ते म्हणाले, मंग काटा खोटा असते का? आवाज चढला तो माझाच. वही आपटून मी आत गेले आणि रडले. मला त्यांच्या नापास होण्याची भीती होती हे खरं, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. वहीतलं एक वाक्य चुकीचं निघालं तर बाकीच्या वहीचं काय, हे मला कळेना. मी तर ती सगळी पाठ करून बसले होते.

दोन दिवस आम्ही चटई टाकली नाही. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "तुह्या बाईले विचार."

आमच्या विज्ञानाच्या बाई नागपूरहून, महाल भागातून बसने यायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा आणि बोलणं अगदी पुस्तकासारखं. 'मले' म्हटलं की त्या शांतपणे 'मला' म्हणायच्या, आणि आपण पुन्हा वाक्य म्हणेपर्यंत थांबायच्या. त्यामुळे मी घरी एक मराठी बोलायचे आणि शाळेत दुसरं. मी उभी राहून विचारलं, "बाई, पाणी तीनशे अंशांनासुद्धा पाणीच राहतं का?" वर्ग हसला. बाईंनी विचारलं, हे कुणी सांगितलं? मी म्हटलं, बाबांनी. मग बाबा सातवीला बसलेत हेही सांगावं लागलं, आणि वर्ग आणखी हसला.

बाई हसल्या नाहीत. पण म्हणाल्या, "बाबांना म्हणावं, पुस्तकात आहे तेच लिहा."

मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी मान हलवली. त्यांनी 'काहून' विचारलं नाही, आणि ते मला फार लागलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाईंनी मला बोलावलं. माझी वही मागितली. मग पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाच. मोठ्याने."

मी वाचलं. "सामान्य दाबास पाण्याचा उत्कलनांक शंभर अंश सेल्सिअस असतो."

"आता वहीतलं वाच."

वहीत 'सामान्य दाबास' हे शब्द नव्हते. नोट्स काढताना मला ते भरतीचे वाटले होते. मी ते गाळले होते.

"तुझ्या वडिलांचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दाब वाढला की पाणी जास्त अंशांना उकळतं. मी काल माझ्या भावाचं कॉलेजचं पुस्तक काढून बघितलं. घरी माझ्याकडे कुकर आहे, रोज डाळ लावते. त्याचं कारण हेच आहे, आणि मी कधी लक्षच दिलं नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी घाईने उत्तर दिलं. त्यांना येत्या शनिवारी शाळेत यायला जमेल का?"

शाळा सुटताच मी पळत घरी गेले. त्या दिवशी पाळी लांबल्यामुळे बाबा राखेने माखलेले नुकतेच आले होते. मी दारातच सांगितलं की पुस्तक खरं आहे आणि काटाही खरा आहे, चूक माझी आहे, मी दोन शब्द सोडले होते.

बाबांनी पुस्तकातलं ते वाक्य बोट फिरवत दोनदा वाचलं. "सामान्य दाबास," ते म्हणाले. "मंग असं सांग ना. हे दोन शब्दच तर आमची सारी नोकरी आहे."

शनिवारी सकाळची शाळा. बाबांनी पाळी बदलून घेतली, धुतलेला पांढरा शर्ट घातला, आणि रस्त्यात राख उडते म्हणून शाळेपर्यंत त्याच्यावर टॉवेल पांघरला. त्यांना वाटलं होतं बाईंशी दोन शब्द बोलायचे आहेत. बाईंनी त्यांना सरळ वर्गात नेलं आणि म्हणाल्या, "पाणी आणि दाब याबद्दल मुलांना सांगा. तुम्ही रोज बघता ते."

बाबा फळ्याजवळ उभे राहिले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मी बाकाच्या लाकडातल्या एका भोकाकडे बघत बसले. ते 'मले' म्हणणार हे मला ठाऊक होतं.

"मी बॉयलरवर आहो," ते म्हणाले. "मले बोलता येत नाही जास्त. आपण करून पाहू."

त्यांनी वर्गातल्या वीसेक मुलांना उठवून भिंतीशी गोळा केलं आणि दार लोटून घेतलं. मला म्हणाले, दाराबाहेर उभी राहा, दार धर. "हे पोरं म्हंजे पाणी. ह्याइले वाफ होऊन बाहीर जायचं आहे. जा रे." मुलांनी धक्का दिला, मी मागे ढकलले गेले, दार उघडलं, सगळी बाहेर पडली. त्यांनी पुन्हा आत बोलावलं. आता दाराला मी आणि चार दांडगी मुलं. मुलांनी ढकललं, दार हललं नाही. "आता काय पाहिजे?" बाबांनी विचारलं. "जोर," मुलं ओरडली. "जोर कुठून येईन? आग लावा लागन अजून. वाफेले जागा नाही दिली तर पाणी म्हंते, मले अजून आग दे, मंग जातो. शंभरले नाही जात. थे आमचं बॉयलर. अन् दार उघडं ठेवलं तर थे तुमच्या घरची चूल."

मुलांना ते इतकं आवडलं की आणखी दोनदा करावं लागलं, आणि शेजारच्या वर्गाचे गुरुजी काय चाललंय ते बघायला आले. एका मुलाने उठून विचारलं, "काका, मले सांगा, थो बॉयलर फुटत नाही काय?" बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मुलाकडे बघितलं, पण 'मले'चं 'मला' केलं नाही. त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं. बाबांनी सेफ्टी व्हॉल्व्ह समजावून सांगितला. मी केव्हा मान वर करून बघायला लागले होते मला आठवत नाही.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. केंद्र नागपुरात होतं, आणि बाहेरून बसणाऱ्यांची सोय आमच्याबरोबरच केलेली होती. आम्ही दोघं सकाळच्या बसने गेलो. आईने दोघांच्या खिशात एकेक कांदा घातला होता, ऊन लागू नये म्हणून. बाबा वर्गात शिरताच सगळी मुलं उभी राहिली आणि "नमस्ते गुरुजी" म्हणाली. बाबाही गडबडून "नमस्ते" म्हणाले आणि मग जाऊन तिसऱ्या बाकावर बसले. बाक लहान. त्यांचे गुडघे मावेनात, म्हणून ते तिन्ही तास एक पाय बाहेरच्या बाजूला ठेवून लिहीत होते.

लेखी पेपरात उत्कलनांक आलाच नाही. बाबांनी दोन महिने ते दोन शब्द जपले होते. त्यांचा हिरमोड झाला. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. परीक्षक बाहेरगावचे होते, बारीक, चष्मेवाले, उकाड्याने त्रासलेले. माझ्यानंतर बाबांचा नंबर होता, म्हणून मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते.

"बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?"

मला आठवलं, हे आम्ही दोनदा केलं होतं, आणि दोन्ही वेळा आतून आईनेच 'तीन' सांगितलं होतं.

"ध्यानात नाही साहेब."

"गांडूळ श्वसन कशाने करतं?"

"थे... कातड्यानं?"

"बरोबर. लोहचुंबकाचे ध्रुव?"

"दोन." परीक्षकांनी कागदावरून डोळे उचलून त्यांच्याकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच नीट. वय, हात, सगळं त्यांच्या लक्षात आलं असावं. ते मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला चांगलं काय येतं? ते सांगा."

"पाणी उकळते थे," बाबा म्हणाले.

त्यानंतर आत किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेर रांगेतली मुलं कंटाळून खाली बसली. परीक्षक मधे मधे प्रश्न विचारत होते, पण ते परीक्षेचे प्रश्न नव्हते. वाफ चाकाला फिरवते म्हणजे नेमकं काय होतं, वाफेचं पुन्हा पाणी कुठे करतात, कोळसा दळून पीठ का करतात. एकदा तर त्यांनी स्वतःच 'का' विचारलं आणि बाबांनी कारण दिलं. बाहेर आले तेव्हा बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा लग्नाच्या वरातीतल्यासारखा खुशीत होता.

"कप्पे किती असते वं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"तीन."

"तुह्या मायले सांगू नको मले आलं नाही म्हणून."

मी सांगितलंच. आई दोन दिवस त्यांना 'तीन, तीन' म्हणून चिडवत होती.

निकाल लागला. आम्ही दोघं पास झालो. विज्ञानात बाबांना माझ्यापेक्षा तीन मार्क जास्त होते. ही गोष्ट त्यांनी मोठ्या मनाने कुणाला सांगितली नाही, पण गुणपत्रिका दोन्ही शेजारी शेजारी ठेवून भिंतीला चिकटवल्या, त्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती कळली. दिवाळीच्या आधी ते अटेंडंट झाले. आता त्यांना दर तासाला काट्यांचे आकडे कागदावर लिहावे लागत. पहिल्या आठवड्यात ते घरी रोज जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर आकडे वळणदार काढायचा सराव करायचे. कागद साहेबाकडे जातो, म्हणायचे.

मी पुढे कॉमर्स घेतलं. विज्ञानाचं आणि माझं एवढंच जमलं, पण त्या वर्षानंतर मी नोट्स काढणं सोडून दिलं. पुस्तकच वाचायला लागले, सावकाश, एकही शब्द न गाळता.

आठवीची पुस्तकं त्याआधीच, जूनमध्ये आली. मी कव्हरं घालत बसले होते. आई कुरड्यांचा डबा भरून वर ठेवत होती. त्या वर्षी तिने कुरड्या राखेपासून वाचवायला जुनं लुगडं ताणून छपरी केली होती, आणि हवेत तरंगणारे कण कुठे आणि का बसतात हे ती आता शेजारणींना समजावून सांगायची. हात पुसून ती माझ्याजवळ येऊन बसली. विज्ञानाचं पुस्तक उचललं आणि अनुक्रमणिका बोटाने बघायला लागली. तिचं शिक्षण तिसरीपर्यंत, त्यामुळे वाचायला वेळ लागायचा.

"प्रकाश," ती म्हणाली. "मंग ध्वनी. मंग हे काय आहे?"

"विद्युत," मी म्हटलं.

"हे तर ह्याइच्या कामाचं आहे." तिने बाहेर बघून बाबांना हाक मारली. "आयकलं का? वीज आली पुस्तकात. चार वाजले, या ना इकडं."

बाबा चटई घेऊन आले. पुस्तक आईच्याच हातात राहिलं. तिने पहिलं वाक्य अडखळत, पण पूर्ण वाचलं, आणि बाबा म्हणाले, "काहून?"